उद्या सकाळी सहाला सिंडी

परळमध्ये हल्ली पहाटे सहाला माणसं ट्रकचे टायर उलटे करतात. ही पंक्चरवाली माणसं नव्हेत. चार्टर्ड अकाउंटंट, दातांचे डॉक्टर, बँकेतले अधिकारी अशी चांगल्या घरची माणसं आहेत. टायर असतो, ट्रक कुठेच नसतो. तो टायर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलटासुलटा करत न्यायचा आणि तिथे पोचला की उलटासुलटा करत परत आणायचा. तासाभराने टायर होता तिथेच असतो, आपण मात्र जमिनीवर असतो. या प्रकाराला हाय इंटेन्सिटी ग्रुप ट्रेनिंग म्हणतात आणि त्याची फी आगाऊ भरावी लागते, तीही तिमाहीची. एका महिन्याची घेत नाहीत, कारण एका महिन्यात माणसाला अक्कल येण्याची शक्यता असते.

आमची जागा एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. तिथल्या एका शेडमध्ये आता बीअर बनवतात, दुसरीत जाहिराती बनवतात आणि तिसरीत आम्हाला बनवतात. उंच छप्पर, काळ्या भिंती, भिंतींवर इंग्रजी सुविचार. 'घाम म्हणजे चरबीचं रडणं' अशा अर्थाचा एक आहे. माझी चरबी तशी खंबीर निघाली. रडतो तो मीच.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात हेही पडले. गिरणीच्या आत परत जायचा योग आला तो थेट माझ्यामुळे. नात दाखवते त्या व्हिडिओंतला व्यायाम प्रत्यक्ष बघायचा म्हणून ते एक दिवस माझ्याबरोबर आले आणि कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावर बसले. ते खोकं उड्या मारण्यासाठी असतं, पण काकांना उठवायची कोणाची छाती झाली नाही. मी तेव्हा लोखंडी गाडा ढकलत होतो. त्याला चाकं नसतात. मुद्दामच लावत नाहीत.

"हा कुठे न्यायचाय?" काकांनी विचारलं.

"त्या टोकाला."

"तिकडे उतरवून घेणार?"

"नाही. परत आणायचा."

काका थोडा वेळ गप्प बसले. "पाळी किती तासांची?"

"एक तास."

"आणि भरून देतात?"

"नाही काका, आम्ही भरतो."

काकांनी गाड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शिट्टी तोंडात धरून उभ्या असलेल्या कोचकडे पाहिलं. "मुकादम चांगला मिळालाय," ते म्हणाले. "आणि बोनस?"

तेवढ्यात कोच ओरडला, "गाईज, बोनस राउंड! ट्वेंटी बर्पीज!" बोनसपायी माणसं जमिनीवर पालथी पडताना काकांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत.

मी यात कसा सापडलो, त्याची हकिकत मोठी नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "साखर काठावर आहे, हालचाल ठेवा" असं सांगितलं. हे डॉक्टर तीन वर्षं सांगत होते आणि मी तीन वर्षं मान हलवत होतो, तेवढीच काय ती हालचाल. पण ऑफिसातल्या एकाने 'पहिला वर्ग फुकट' असं सांगितलं. फुकट या शब्दापुढे मध्यमवर्गीय मराठी माणसाचं काही चालत नाही. बाकी पर्याय आधी करून झाले होते. घरी डंबेल आहेत. ते गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फार उपयोगी पडतात. पळण्याचं यंत्रही आहे. पावसाळ्यात त्यावर एका वेळी दोन चादरी वाळतात.

एकट्याने होत नाही, हा समूहव्यायामाचा मुख्य दावा आहे आणि तो खोटा म्हणता येणार नाही. आमच्या सहाच्या तुकडीत पंधराएक जण आहेत. त्यातले सीए सगळ्यांत चपळ. म्हणजे पायांनी नव्हे, मोजण्यात. "तीन, चार, पाच, आठ, नऊ" असं ते स्वतःशी मोजत जातात. सहा आणि सात त्यांच्याकडे नाहीत. त्यांना कुणी काही बोलत नाही, कारण जुलैत सगळ्यांचे रिटर्न तेच भरतात. याच्या अगदी उलट कोच. त्याच्याकडे एकेक आकडा तीन-तीनदा येतो. "सेव्हन... एट... नाइन... नाइन... कमॉन, नाइन!" आमच्यात दादरच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई आहेत. पासष्टीच्या पुढच्या. एक दिवस त्या हातात दोन वजनं धरून, अर्ध्या बसलेल्या अवस्थेत, जराही आवाज न चढवता म्हणाल्या, "नऊ एकदाच म्हणायचे असतात, बाळ. पुढे दहा येतात." कोच त्या दिवशी दहा म्हणाला. पुढच्या दिवशी त्याने उलटं मोजायला सुरुवात केली आणि एकाशी अडकला.

घरी भांडण झालं ते सिंडीवरून. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता. रात्री दहाला कोचचा निरोप आला आणि तो सौभाग्यवतींनी मोठ्याने वाचला: "उद्या सकाळी सहाला सिंडी. उशीर करू नका. टॉवेल आणा. पोट हलकं ठेवा."

"कोण ही सिंडी?"

"अगं, व्यायाम आहे तो."

"व्यायामाचं नाव सिंडी?"

"असतात तशी नावं. परवा नाही का फ्रॅन होती."

हे मी बोलायला नको होतं. स्वयंपाकघरात काही काळ फक्त फोडणीचा आवाज येत राहिला. मग प्रश्न आला, "तिथे तुम्ही एकटेच असता?"

"छे छे, चांगले पंधरा जण असतो."

याने प्रकरण सुधारलं असं म्हणता येणार नाही. शेवटी सगळी कुळकथा सांगावी लागली. कॅलिफोर्नियातल्या ग्रेग ग्लासमन नावाच्या जिम्नॅस्टिक्सवाल्या गृहस्थांनी २००० साली क्रॉसफिट नावाची कंपनी काढली. एकेक व्यायामाचं भलंमोठं वर्णन रोज सांगण्यापेक्षा त्याला नाव द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. वादळांना बायकांची नावं देत असत, म्हणून व्यायामांनाही तीच दिली. दोन्ही येऊन गेल्यावर माणूस सारखाच आडवा होतो. सिंडी म्हणजे पाच वेळा दांडीला लोंबून वर जायचं, दहा जोर, पंधरा बैठका, आणि हे चक्र वीस मिनिटं थांबायचं नाही. फ्रॅनमध्ये वजन डोक्यावर ढकलायचं आणि दांडीवर चढायचं, दोन्ही आधी एकवीस, मग पंधरा, मग नऊ वेळा.

"आणि पुरुषांची नावं नाहीत?"

"आहेत ना. पण ती लढाईत कामी आलेल्या सैनिकांची. मर्फ म्हणून एक आहे, तो अफगाणिस्तानात मारला गेलेला अमेरिकन अधिकारी."

"म्हणजे नाव लागायला मरावं लागतं." तिने माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं. "तुमचं लागेल लवकरच."

आता बर्पीबद्दल. ज्यांनी ती केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: उभं राहायचं, खाली बसायचं, हात टेकून पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला लावायची, पाय पुन्हा पुढे घ्यायचे आणि हे सगळं फार आवडल्याच्या आविर्भावात हवेत उडी मारून डोक्यावर टाळी वाजवायची. टाळी कोणासाठी हे मला अजून कळलेलं नाही. बर्पी हे एका खऱ्या माणसाचं आडनाव आहे. रॉयल बर्पी हे न्यूयॉर्कमधले शरीरविज्ञानाचे अभ्यासक. १९३९ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधासाठी त्यांना माणसाची तंदुरुस्ती झटपट तपासायची होती. त्यांच्या मूळ प्रकारात ना जोर होता ना उडी, आणि तो करायचा होता मोजून चार वेळा. आधी नाडी बघायची, चार वेळा करायचं, पुन्हा नाडी बघायची, घरी जायचं. त्या चाराचे शंभर कोणी केले? आधी सैन्याने आणि नंतर आमच्या कोचने.

गणिताच्या बाईंचं यावर वेगळं म्हणणं आहे. त्यांच्या मते हा आपला सूर्यनमस्कारच, फक्त घाईत घातलेला आणि सूर्याकडे पाठ करून. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, स्वतः आयुष्यभर घातले, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तकही निघालं. म्हणजे इकडे राजा लंडनला सांगत होता की शांतपणे श्वास घेत दहा पायऱ्यांनी घाला, आणि जेमतेम वर्षभराने तिकडे न्यूयॉर्कात बर्पी तयार होत होती. जगाने कोणाचं ऐकलं ते आमच्या शेडमध्ये येऊन पाहावं. बाई मात्र कोचने "बर्पीज!" म्हटलं की कोपऱ्यात जाऊन सावकाश नमस्कार घालतात. कोच तिकडे बघतच नाही. नऊवाल्या प्रसंगानंतर तो त्यांना वळून जातो.

या व्यायामाचा सर्वांत मोठा फायदा म्हणून जो सांगतात, तो वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मध्यम गतीचा व्यायाम आठवड्याला निदान १५० मिनिटं हवा, पण दम लागेलसा जोरदार केला तर ७५ मिनिटांत भागतं. ताबाता तर याहून कमी वेळात. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या: चार मिनिटांत खेळ खलास. ही जपानी स्पीड स्केटिंगच्या खेळाडूंसाठी बसवलेली पद्धत. इझुमी ताबाता या शास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून १९९६ साली प्रसिद्ध केला. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, आणि विद्यार्थ्यांचा दमश्वासही वाढला आणि ताकदीची झेपही. फक्त ती पोरं शारीरिक शिक्षणाची होती, विशीतली होती, आणि शेवटच्या फेरीत पाय फिरेनासा होईल इतक्या जोरात सायकल मारत होती. आमच्याकडे ताबाता म्हणजे पंजाबी गाणं लावून जागच्या जागी पळणं. त्यातही दहा सेकंदांची विश्रांती सगळे मनापासून करतात आणि वीस सेकंदांचं काम आपापल्या श्रद्धेप्रमाणे.

पण समजा, चार मिनिटं. त्या चार मिनिटांसाठी घरातून किती वाजता निघावं लागतं? सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केला. तेव्हापासून आमच्या तुकडीतले प्रभादेवीचे दातांचे डॉक्टर गाडीने एकतर टिळक पुलावरून येतात नाहीतर करी रोडवरून. गाडी लावायला जागा नाही म्हणून ती लांब लावतात आणि तिथून धावत येतात. शेडमध्ये पोचेपर्यंत त्यांचा व्यायाम झालेला असतो. तरी आत आल्यावर कोच त्यांना वॉर्म-अप करायला लावतो, कारण आधीचं धावणं पॅकेजमध्ये धरलेलं नाही.

दुसरा फायदा आफ्टरबर्नचा. म्हणजे व्यायाम थांबला तरी शरीर पुढे कितीतरी वेळ ज्यादा ऊर्जा जाळत राहतं. हे खरं आहे. किती जाळतं याची चौकशी मात्र करू नये. ती रक्कम अगदीच चिल्लर असते. पण आमच्या तुकडीने आफ्टरबर्नची बातमी चेक मिळाल्यागत ऐकली आणि लगेच वटवायला निघाली. वर्ग संपला की दर शनिवारी कुठेतरी जायचं असतं. एकदा गिरगावात गेलो. तिथे विनय हेल्थ होम म्हणून प्रसिद्ध ठिकाण आहे. नावात हेल्थ आहे, म्हणून सगळ्यांच्या मनाला समाधान. तिथे मिसळ मिळते. वर्गात जो माणूस सातव्या बैठकीला गुडघ्याची तक्रार करतो, त्याने तिथे दुसऱ्यांदा रस्सा मागवताना गुडघ्याचं नाव काढलं नाही. सीए इथेही मोजत होते, पण पाव मोजताना त्यांच्याकडे दोन आणि तीन नव्हते.

तोटे अंगात उशिरा चढतात, हा या व्यायामाचा कावा आहे. त्या दिवशी माणूस ताजातवाना असतो, भेटेल त्याला "तुम्हीसुद्धा या" म्हणतो. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि कळस गाठतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अशा एका कळसाच्या दिवशी दादरला सौभाग्यवतींच्या भाचीचा साखरपुडा होता. जिने मी उलटा उतरलो. पुढे तोंड करून उतरताना मांड्या ऐकत नव्हत्या. टॅक्सीतून उतरताना टॅक्सीवाल्याने न मागता हात दिला. हॉलमध्ये मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि कोणी "बसा ना" म्हटलं की "नको नको, तुम्ही बसा" असं म्हणून मोठेपणा मिळवत होतो. तेवढ्यात गिरगावच्या आत्या आल्या. वय नव्वदीच्या घरात, सगळ्या घराण्यात शेवटच्या वडीलधाऱ्या. नमस्कार करणं भाग होतं.

वाकलो. वाकणं जमलं, कारण ते गुरुत्वाकर्षणाने केलं. पायांना हात लागला आणि मग लक्षात आलं की वर यायचं काम माझं एकट्याचं आहे. मांड्यांनी साफ नकार दिला. आत्यांनी "आयुष्मान भव" म्हटलं. मी खालीच. आत्यांनी "सुखी राहा" म्हटलं. मी खालीच. मग त्या मुलाबाळांवर आल्या, नोकरीवर आल्या, माझ्या आईच्या आठवणींवर आल्या. आशीर्वाद संपत आले तसा त्यांचा आवाज कापरा झाला. "आजकाल एवढी भक्ती राहिली नाही हो," त्या हॉलभर सांगू लागल्या. लोक गोळा झाले. कोणीतरी फोटो काढला. शेवटी मेहुण्याने बगलेत हात घालून उचललं, तेव्हा माझ्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. त्या फोटोला आमच्या घराण्याच्या ग्रुपवर आजवर कोणाला पडले नसतील इतके नमस्कार पडले.

हे विनोदाचं झालं. पण याच्या पुढे एक पायरी असते आणि ती विनोदाची नाही. सवय नसलेल्या माणसाने एकदम बेफाम व्यायाम केला तर स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो, लघवी कोकाकोलाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडं बसण्याची पाळी येते. रॅब्डोमायोलिसिस त्याचं नाव. क्रॉसफिटवाल्यांनी सुरुवातीच्या काळात याचंही चित्र काढलं होतं: डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला एक थकलेला विदूषक, त्याचं नाव अंकल रॅब्डो. त्याचा जोडीदार पुकी, तो ओकणारा विदूषक. स्वतःच्या गिऱ्हाइकाला होणाऱ्या आजाराचं व्यंगचित्र काढणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही. उडपी हॉटेलात कोणी आम्लपित्ताचं चित्र लावत नाही.

आमच्याकडे चित्र नाही, फॉर्म आहे. चार पानी, इंग्रजी, बारीक अक्षरांत. तो वाचून सही करणारे आमच्यात एकट्या गणिताच्या बाई. त्यांनी लाल पेनाने दोन ठिकाणी व्याकरण सुधारून मग सही केली. आशय एवढाच की मोडलं तर तुमचं, मेलात तर तुमचेच. सही झाल्यावर कोचने पाठीवर थाप मारून सांगितलं, "सर, लिसन टू युअर बॉडी." मी ऐकत होतो. बॉडी म्हणत होती, घरी चल. पण तेवढ्यात शेजारच्या चटईवरच्या बँकेतल्या बाईंनी वीस किलोचं वजन उचललं, आणि पुरुषाच्या देहात बॉडीपेक्षा मोठ्याने बोलणारी जी एक गोष्ट असते, तिने मला पंचवीसचं उचलायला लावलं. ते वर गेलं. खाली येताना माझ्याशी विचारविनिमय न करता आलं.

समूहाचा फायदाही हाच आणि तोटाही हाच. एकटा माणूस पाच बैठका काढून आरशाला दहा सांगतो आणि आरसा मानतो. पंधरा जणांत ते चालत नाही (सीए सोडून). पहाटे साडेपाचला गजर होतो तेव्हा साखर, कोलेस्टेरॉल, जागतिक आरोग्य संघटना यांच्यापैकी कोणीही मला अंथरुणातून काढू शकत नाही. काढते ती ही भीती, की सव्वासहाला ग्रुपवर माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह पडेल आणि त्याखाली बाई लिहितील, "पालकांना घेऊन या." आणि खरं सांगायचं तर उपयोग होतो. चार मजले मी हल्ली मध्ये न थांबता चढतो. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर थांबून तिथल्या जोश्यांची विचारपूस करायचो. हल्ली जोशी विचारतात, काही चुकलं का आमचं. साखर काठावरून दोन पावलं मागे सरकली. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी विचारलं, "चालणं सुरू केलंत वाटतं?" मी हो म्हटलं. टायरचं सांगायला त्यांचा वेळ अपुरा होता.

काकांना यातलं काही नवीन वाटत नाही. त्यांच्या गिरणीचा कबड्डीचा संघ होता आणि ते चढाईपटू. "एका दमात चढाई. समोर सात जण तंगडी धरायला टपलेले. परत आलास की दम घे, पुन्हा जा. तुमचं हाय-बिय जे काय आहे, ते हेच ना?" मी म्हटलं हेच. "मग त्यात तंगडी धरणारे कुठे आहेत?" या प्रश्नाला क्रॉसफिटकडे उत्तर नाही. मागे कोणी लागलेलं नसताना एवढं पळायचं कशाला, असं त्यांना वाटतं, आणि गाडा ढकलताना मलाही कधीकधी वाटतं. शिवाजी पार्कात श्री समर्थ व्यायाम मंदिरात पोरं मल्लखांबावर जे करतात, ते पाहून आल्यावर आमच्या दांडीला लोंबण्याचं तर मुळीच कौतुक राहत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा त्याच शिवाजी पार्कात झाली. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. आमच्या कोचला वार्षिक पॅकेजची पाच गिऱ्हाइकं आणली की पाण्याची बाटली मिळते.

या कोचची एक गंमत मला अगदी अलीकडे कळली. पहाटे सहाला हा मुलगा फक्त इंग्रजी बोलतो. "गाईज", "लेट्स गो", "यू गॉट धिस", आणि आमच्यातल्या प्रत्येकाला "चॅम्प". तो वांद्र्याला वगैरे राहत असावा असा आमचा समज होता. गुरुपौर्णिमा होऊन गेली होती. रात्री दहाच्या सुमारास मी लालबागच्या चिवडा गल्लीतून घरी निघालो होतो. हातात अर्धा किलो चिवडा होता, आणि तो पाहुण्यांसाठी आहे असं मी स्वतःला सांगत होतो. पुढच्या गल्लीत गोविंदा पथकाचा सराव चालला होता. पावसाची भुरभुर, दोन हॅलोजन, कडेला पाण्याचं पिंप, गॅलऱ्यांतून वाकलेल्या बायका. मधे पुरुषांचा गोल: एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवलेले, माना खाली घातलेल्या. त्यांच्या खांद्यांवर दुसरा थर, त्यावर तिसरा. शिट्टी घेतलेला एक बुटका म्हातारा खालून ओरडत होता, "ए मधल्या! मान आत घे! मान आत! आईने दूध पाजलंय का चहा?"

तो मधला म्हणजे आमचा कोच.

चौथा थर उभा राहिला, सलामी झाली, थर उतरले, गल्लीने 'बोल बजरंगबली की जय' केलं. कोच गोलातून बाहेर आला तेव्हा खांद्यांवर कोणाच्या तरी पायाच्या बोटांचे ठसे लाल उमटलेले होते. खालच्या थराला हंडी कधी दिसत नाही. त्याला समोरच्याचे पाय आणि स्वतःचा घाम एवढंच दिसतं. टीव्हीवर दिसतं ते वरचं पोर. फी नाही, पॅकेज नाही, चुकलं की म्हाताऱ्याच्या शिव्या. २०२२ पासून सरकारने याला साहसी खेळ म्हटलं. पथकं आपल्या पोरांचे विमे उतरवतात. आमच्यासारखी 'मोडलं तर तुमचं' अशी सही करून घेत नाहीत.

त्याने मला पाहिलं. मी चिवडा पाठीमागे घेतला. कागदी पिशवी फार वाजते.

"सर, तुम्ही इथे?" तो मराठीत म्हणाला, आणि ते इतकं स्वच्छ लालबागचं मराठी होतं की क्षणभर मला वाटलं, कोणीतरी डबिंग केलंय.

"पाहुण्यांसाठी," मी म्हटलं. त्याने विचारलेलं नव्हतं.

"कुठल्या दुकानातला?" मी सांगितलं. त्याने पसंतीची मान हलवली. मग दोन पावलं मागे सरून त्याने मला खांद्यापासून पोटापर्यंत नीट न्याहाळलं. तीन महिन्यांत त्याने माझ्याकडे इतक्या आदराने कधी पाहिलं नव्हतं. त्याने शिट्टीवाल्या म्हाताऱ्याला हाक मारली. म्हातारा आला. त्यानेही न्याहाळलं, कमरेला हात लावून जरा ढकलून पाहिलं. मी हललो नाही.

"चालेल," म्हातारा म्हणाला. "बाहेरच्या गोलात, टेकू द्यायला. असा माल हल्ली मिळत नाही. सगळी पोरं जिममध्ये जाऊन सुकलीत."

"सर, आपल्याकडे खाली वजनदार माणसं कमी पडतायत," कोच खालच्या आवाजात म्हणाला. "रोज रात्री दहाला. फी वगैरे काही नाही."

"पण सकाळचं? तू तर म्हणाला होतास, आठ किलो उतरवायचे."

त्याने माझ्या पाठीमागून चिवड्याची पिशवी काढून घेतली, गाठ सोडली, एक मूठ स्वतः घेतली, एक म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली आणि बाकीची पिशवी माझ्यापुढे धरली.

"ते नंतर बघू, सर. खा. गोपाळकाल्यापर्यंत एक किलोसुद्धा उतरता कामा नये."